लघुउद्योगांची गोपनीय कागदपत्रे : कूटलेखनाच्या सॉफ्टवेअरची निवड

औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाना असो, तालुक्याच्या गावातील करसल्लागाराचे कार्यालय असो, रोगनिदान प्रयोगशाळा असो की बचत गटाने चालविलेला प्रक्रिया उद्योग असो. त्याच्या व्यवहाराचा मोठा भाग आता संगणकावर आणि ई-मेलवर होत असतो. दरपत्रके, यंत्रभागांचे आराखडे, कामगारांच्या आधार व बँक खात्यांचा तपशील, रुग्णांचे अहवाल, निविदांचे दर हे कागद पूर्वी लोखंडी कपाटात असत व कपाटाची किल्ली मालकापाशी असे. आज तेच कागद फाइलींच्या रूपाने लॅपटॉपमध्ये, पेन ड्राइव्हवर, भ्रमणध्वनीत आणि दूरच्या सेवा-संगणकांवर विखुरलेले असतात. त्यांच्या किल्लीची व्यवस्था मात्र अनेक ठिकाणी अद्याप झालेली नाही.

ही व्यवस्था ज्या तंत्राने करता येते, त्यास कूटलेखन म्हणतात. त्यासाठी बाजारात विनामूल्य व विकतची अनेक सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत आणि साहजिकच उद्योजकाचा पहिला प्रश्न असतो, की यांतील सर्वांत चांगले कोणते? वस्तुतः हा प्रश्न शेवटचा आहे. कोणते कागद जपावयाचे, ते कोणापासून जपावयाचे आणि किल्ली कोणी सांभाळावयाची, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली तर सॉफ्टवेअरची निवड सोपी होते. ती न मिळाल्यास उत्तमांतील उत्तम सॉफ्टवेअरही निरुपयोगी ठरते, किंबहुना मालकालाच स्वतःच्या कागदांपासून वंचित करते. लघुउद्योजकांना सल्ला देणारे अधिकारी, विद्यार्थ्यांना संगणक शिकविणारे शिक्षक आणि गावातील उद्योगांशी नित्य संबंध येणारे पंचायत सदस्य यांना हा विषय मुळापासून ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कूटलेखन म्हणजे काय?

व्यापारातील गुप्तता आपल्याकडे नवी नाही. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ही गुप्तता खुणांच्या अज्ञानावर अवलंबून असते. खुणा ज्याला कळल्या, त्याला भावही कळला. आधुनिक कूटलेखन याच्या नेमक्या उलट तत्त्वावर उभे आहे. ऑगुस्त केरकॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनासंबंधी लिहिताना असा नियम घालून दिला, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली.

किल्ली म्हणजे एक फार मोठी संख्या. तिच्या साहाय्याने संगणक मजकुराचे अर्थहीन अक्षरसमूहात रूपांतर करतो आणि त्या किल्लीवाचून तो मजकूर पुन्हा उकलत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत मानक म्हणून स्वीकारलेल्या डी.ई.एस. पद्धतीची किल्ली ५६ बिटांची होती. १९९८ मध्ये खास त्यासाठी बनविलेल्या यंत्राने ती ५६ तासांत शोधून काढली. २००१ मध्ये तिची जागा ए.ई.एस. या पद्धतीने घेतली. योहान डामन व व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी ती तयार केली असून तिची निवड खुल्या स्पर्धेतून व जगभरच्या तज्ज्ञांच्या तपासणीनंतर झाली. तिच्या २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यतांची संख्या ७८ आकडी आहे. अशी किल्ली एकेक करून शोधणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हे.

यावरून निवडीचा पहिला धडा मिळतो. ‘आमची पद्धत आम्ही कोणासही सांगत नाही, म्हणून ती सुरक्षित आहे’, असे ज्या सॉफ्टवेअरचा विक्रेता सांगतो ते घेऊ नये. ज्याची पद्धत उघड आहे व अनेकांनी तपासलेली आहे, तेच घ्यावे.

एक किल्ली आणि जोडकिल्ली

कूटलेखनाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात कुलूप लावणारी व उघडणारी किल्ली एकच असते. स्वतःच्या संगणकातील फाइलींसाठी हा प्रकार पुरेसा होतो. परंतु दूरच्या ग्राहकाला फाइल पाठवावयाची तर ती किल्ली त्याच्यापर्यंत सुरक्षित कशी पोहोचवावी, ही अडचण उरते. तिचा मार्ग व्हिटफिल्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविला. या दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाजवळ किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली कोणालाही द्यावी. तिने केवळ कुलूप लागते. उघडते ते फक्त खासगी किल्लीने, आणि ती मालकाखेरीज कोणाकडेही नसते.

शासकीय कार्यालयांना व ग्रामपंचायतींना हा प्रकार ई-निविदेमुळे परिचित आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या ई-निविदा प्रणालीत ठेकेदाराचे दर त्याच्याच संगणकावर, निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या सार्वजनिक किल्ल्यांनी कुलूपबंद होतात. ठरलेल्या वेळी ते अधिकारी आपापल्या डोंगलमधील खासगी किल्लीने त्या उघडतात. मधल्या काळात दर कोणासही दिसत नाहीत. मात्र अधिकाऱ्याची बदली झाली किंवा डोंगल हरवला, तर कोणती अडचण उद्भवते याचाही विचार कार्यालयांना करावा लागतो. लघुउद्योगापुढील प्रश्न लहान प्रमाणावर नेमका हाच आहे.

प्रथम कागदांची यादी

समजा, कोल्हापूरजवळच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीत बारा कामगारांचा ओतकामाचा कारखाना आहे. त्याने सॉफ्टवेअर शोधण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात, उघड झाले तरी हानी नाही असे कागद येतील : छापील माहितीपत्रक, सुट्यांची यादी. दुसऱ्यात, उघड झाल्यास धंद्याचे नुकसान होईल असे : दरपत्रके, ग्राहकाने विश्वासाने दिलेले आराखडे, धातुमिश्रणाची प्रमाणे. तिसऱ्यात, उघड झाल्यास दुसऱ्या माणसाचे नुकसान होईल असे : कामगारांचे आधार क्रमांक, बँक खाती, वैद्यकीय दाखले. पहिल्या रकान्यासाठी काहीही करण्याची गरज नाही. उरलेल्या दोहोंसाठी प्रत्येक कागद कोठे ठेवला जातो आणि कोणाला पाठविला जातो, हे समोर लिहावे.

अशी यादी केल्यावर दोन अवस्था स्पष्ट होतात. काही माहिती जागेवर पडून असते, काही वाटेवर असते. लॅपटॉपची चोरी, दुरुस्तीस दिलेला संगणक, हरवलेला पेन ड्राइव्ह हे पहिल्या अवस्थेतील धोके होत. चुकीच्या पत्त्यावर गेलेला किंवा परक्याने वाचलेला ई-मेल हा दुसऱ्या अवस्थेतील धोका होय. दोहोंसाठी साधने वेगळी आहेत.

पडून असलेल्या फाइलींसाठी

लॅपटॉपची संपूर्ण चकती कुलूपबंद करणे हा सर्वांत कमी कष्टाचा व सर्वांत लाभदायक उपाय आहे. त्यासाठी बहुधा नवे काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीत बिटलॉकर, ॲपलच्या संगणकांत फाइलव्हॉल्ट आणि लिनक्समध्ये लक्स ही सोय अंगभूत असते. विंडोजच्या घरगुती आवृत्तीतही अनेक संगणकांवर याच जातीची साधी सोय असते. एकदा ती सुरू केली, की रोजच्या कामात काहीही वेगळे करावे लागत नाही.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. बिटलॉकर सुरू करताना ४८ अंकांची पुनर्प्राप्ती-किल्ली तयार होते. संगणकाचा मदरबोर्ड बदलला तर सुरू होताना संगणक हीच किल्ली मागतो. ती जवळ नसेल तर चकतीतील माहिती मालकालाही मिळत नाही. काही नव्या संगणकांवर ही सोय आरंभीच आपोआप सुरू झालेली असते व मालकाला त्याची कल्पनाही नसते. म्हणून संगणक दुरुस्तीस देण्यापूर्वी नव्हे, तर आजच ही किल्ली शोधून कागदावर उतरवून ठेवावी.

पेन ड्राइव्हवर किंवा एका संगणकातील निवडक फाइलींसाठी व्हेराक्रिप्टसारखे सॉफ्टवेअर कुलूपबंद कप्पा तयार करते. दूरच्या सेवा-संगणकावर ठेवावयाच्या फाइलींसाठी क्रिप्टोमेटर उपयोगी पडते. एकदोन फाइली कोणाला पाठवावयाच्या असल्यास सेव्हन-झिपने त्यांचे पासवर्डयुक्त गाठोडे बांधता येते. मात्र त्यात आपल्या मूळ प्रकाराचे गाठोडे निवडावे आणि फाइलींची नावेही झाकण्याचा पर्याय घ्यावा. अन्यथा मजकूर झाकलेला असूनही ‘कामगार पगार जून’ असे नाव कोणालाही वाचता येते. झिप प्रकारातील जुनी कूटपद्धती दुर्बळ आहे, ती वापरू नये. एक्सेलमधील ‘पत्रक संरक्षित करा’ ही सोय म्हणजे कूटलेखन नव्हे. ती केवळ चुकून होणारे बदल थांबविते. संपूर्ण फाइल उघडण्यासच पासवर्ड लावला आणि फाइल २००७ नंतरच्या स्वरूपात असली, तरच तिचे खरे कूटलेखन होते.

वाटेवरच्या ई-मेलसाठी

साध्या ई-मेलची तुलना पोस्टकार्डाशी केली जाते. आज मोठ्या सेवांमधील ई-मेलचा प्रवास बहुधा बंद पिशवीतून होतो, हे खरे आहे. परंतु प्रत्येक टप्प्यावर पिशवी उघडते आणि सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावर मजकूर वाचता येण्याजोग्या स्थितीत असतो. पाठविणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत मजकूर बंद ठेवावयाचा तर दोन प्रस्थापित पद्धती आहेत. पहिली ओपन पी.जी.पी. ही होय. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये तयार केलेल्या सॉफ्टवेअरमधून ती पुढे आली. थंडरबर्ड या विनामूल्य ई-मेल सॉफ्टवेअरमध्ये ती २०२० पासून अंगभूत आहे. दुसरी एस-माइम. तिच्यात प्रमाणन संस्थेने दिलेले प्रमाणपत्र लागते आणि आउटलुकसारख्या नित्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती चालते.

दोहोंची मर्यादा सारखीच आहे : पलीकडच्या माणसाकडेही तीच व्यवस्था असावी लागते. शिवाय पाठविणारा, घेणारा व वेळ हा तपशील दोहोंत उघडाच असतो आणि विषयाची ओळही सहसा झाकली जात नाही. त्यामुळे ‘अमुक कंपनीचे अंतिम दर’ असे विषयाच्या ओळीत लिहिणे टाळावे. ज्या एकदोन मोठ्या ग्राहकांशी गोपनीय आराखड्यांची नित्य देवाणघेवाण चालते, त्यांच्याशी बोलून यांपैकी एक पद्धत ठरवून घ्यावी. इतरांसाठी फाइलीचे कुलूपबंद गाठोडे ई-मेलने पाठवावे व पासवर्ड दूरध्वनीवरून सांगावा, हीच व्यवहार्य रीत होय. गाठोडे आणि पासवर्ड एकाच ई-मेलमधून पाठविणे म्हणजे कुलपाला किल्ली लटकवून ठेवण्यासारखे आहे.

व्हॉट्सॲपचा उपयोग लघुउद्योगांत सर्रास होतो. २०१६ पासून त्यावरील संदेश वाटेत कूटबद्ध असतात. परंतु पाठविलेला आराखडा दोन्हीकडच्या भ्रमणध्वनींत उघडा पडून राहतो आणि कामगाराने नोकरी सोडली तरी त्याच्याकडे उरतो. वाटेवरची सुरक्षितता म्हणजे मुक्कामाची सुरक्षितता नव्हे.

निवडीच्या कसोट्या

आता सॉफ्टवेअरच्या निवडीकडे वळता येईल. पाच कसोट्या पुरेशा आहेत.

पहिली, पद्धत उघड व सर्वमान्य असावी. दुसरी, सॉफ्टवेअर जिवंत असावे. म्हणजे त्यात नियमित सुधारणा होत असाव्यात. ट्रूक्रिप्ट हे एके काळी जगभर वापरले जाणारे सॉफ्टवेअर त्याच्या कर्त्यांनी मे २०१४ मध्ये अकस्मात बंद केले. त्याचा वारसा व्हेराक्रिप्टने चालविला, तरी २०२३ मधील आवृत्तीपासून व्हेराक्रिप्टनेही ट्रूक्रिप्टचे जुने कप्पे उघडणे थांबविले. ज्यांनी वेळीच फाइली नव्या कप्प्यात हलविल्या नाहीत, त्यांना जुनी आवृत्ती शोधावी लागते.

तिसरी कसोटी काळाची आहे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. आज कुलूपबंद केलेली फाइल सहा वर्षांनी उघडता आली पाहिजे. एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारे स्वरूप आणि दरवर्षी नूतनीकरण करावा लागणारा परवाना असेल, तर परवाना संपल्यावर जुन्या फाइली उघडतील काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

चौथी कसोटी वापराची. कार्यालयातील सर्वांत कमी संगणक जाणणाऱ्या माणसाला ते अर्ध्या तासात शिकविता आले पाहिजे. अवघड साधन चार दिवस वापरले जाते आणि पाचव्या दिवशी घाईत फाइल उघडीच पाठविली जाते. पाचवी व सर्वांत महत्त्वाची कसोटी ही, की किल्ली हरवल्यास पुढे काय होईल याचे स्पष्ट उत्तर त्या सॉफ्टवेअरच्या व्यवस्थेत असले पाहिजे.

पासवर्डचे गणित

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मोठी किल्ली प्रत्यक्षात पासवर्डच्या आड असते. इंग्रजीतील लहान लिपीच्या आठ अक्षरांचे सर्व संभाव्य पासवर्ड सुमारे २०,८८३ कोटी होतात. हा आकडा मोठा वाटतो. पण सेकंदाला १०० कोटी पासवर्ड पडताळणाऱ्या यंत्रास ते सर्व तपासण्यास साडेतीन मिनिटेच लागतात. याउलट ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून निवडलेल्या सहा शब्दांचा पासवर्ड घेतल्यास त्याच यंत्राला सर्व शक्यता संपविण्यास सुमारे ७० लाख वर्षे लागतील. शब्द मात्र फाशांनीच निवडले पाहिजेत. माणसाने मनाने निवडलेले शब्द ओळखीचे निघतात.

ई-आधारच्या फाइलीचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे व जन्मवर्ष असा ठरलेला असतो. अनोळखी माणसापुरता तो आडोसा आहे. नाव व वय ठाऊक असणाऱ्यापुढे त्याचा उपयोग नाही. कारखान्याच्या फाइलींना त्या धर्तीचे पासवर्ड देऊ नयेत.

किल्ली कोणाकडे?

लहान उद्योगात सर्व पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक असतात. तो बहुधा मालक, त्याचा मुलगा किंवा जुना लेखनिक असतो. तो आजारी पडला, निवर्तला किंवा रागावून निघून गेला, तर त्याच दिवशी कारखान्याची दरपत्रके, येणी व पगारपत्रके बंद होतात. अशा वेळी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपनीकडे धाव घेऊन उपयोग नसतो. कारण चांगल्या कूटलेखनाचा अर्थच हा, की कंपनीलाही ते उघडता येऊ नये.

यावर उपाय जुनाच आहे. महत्त्वाचे पासवर्ड व पुनर्प्राप्ती-किल्ल्या स्वच्छ अक्षरांत कागदावर लिहाव्यात, पाकिटात घालून ते मोहोरबंद करावे, मोहोरेवर तारीख व सही करावी आणि एक पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरे भागीदाराकडे किंवा विश्वासू नातेवाइकाकडे ठेवावे. पासवर्ड बदलला की पाकीट बदलावे. वर्षातून एकदा दुसऱ्या माणसाने त्या कागदावरून फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी. ही चाचणी ज्या कार्यालयाने केली नाही, त्याची व्यवस्था पुरी झाली असे समजू नये.

कायद्याची बाजू

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. लोकांची वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्याने तिच्या रक्षणासाठी वाजवी उपाय योजावेत, असे बंधन त्यात असून नियमांत कूटलेखनाचा स्पष्ट उल्लेख आहे. या कर्तव्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९ अन्वये अधिकृत यंत्रणा विहित कारणांसाठी माहिती उकलून देण्याचा आदेश देऊ शकते आणि तो न पाळल्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणजेच किल्ली जपणे ही केवळ सोयीची गोष्ट नाही, जबाबदारीची आहे.

कूटलेखनाने जे साधत नाही

कूटलेखन म्हणजे राखीव प्रत नव्हे. चकती नादुरुस्त झाली तर कुलूपबंद फाइलही जाते. म्हणून महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर व त्यांतील एक इमारतीबाहेर, हा नियम पाळावा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने अनेक देशांतील संगणकांवरील फाइली परस्पर कूटबद्ध करून पैसे मागितले. अशा हल्ल्यात आपले कुलूप उपयोगी पडत नाही, राखीव प्रतच उपयोगी पडते.

त्याचप्रमाणे, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी’ असा पुरवठादाराच्या नावाने येणारा खोटा ई-मेल कूटलेखनाने थांबत नाही. अशा पत्राची खात्री आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करूनच घ्यावी. फसवणूक झाल्यास १९३० या मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

आरंभ कोठून करावा?

पहिल्या आठवड्यात कागदांची त्रिस्तंभी यादी करावी. दुसऱ्या आठवड्यात सर्व लॅपटॉपची चकती कुलूपबंद करून पुनर्प्राप्ती-किल्ल्या पाकिटात ठेवाव्यात. तिसऱ्या आठवड्यात राखीव प्रतींची व्यवस्था लावावी. चौथ्या आठवड्यात कुलूपबंद गाठोडे पाठविण्याची व पासवर्ड दूरध्वनीवरून सांगण्याची रीत सर्वांना शिकवावी. एवढ्या कामास वेळ लागतो, पैसा फारसा लागत नाही. त्यानंतरही एखादी गरज अपुरी राहिली, तरच विकतच्या सॉफ्टवेअरचा विचार करावा.

ग्रामपंचायतीच्या संगणकातील लाभार्थ्यांच्या याद्या आणि शाळेच्या संगणकातील विद्यार्थ्यांची माहिती यांनाही हेच सर्व लागू आहे. अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी ही पद्धत प्रथम आपल्या कार्यालयात अमलात आणली, तर शेजारच्या उद्योजकाला ती प्रत्यक्ष दाखविणे त्यांना सहज शक्य होईल.